सहलेखक म्हणजे जामीनदार

मोरोक्कोच्या वाळवंटाच्या कडेला एरफूद नावाचं गाव आहे. तिथल्या खडकांत छत्तीस-सदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले अमोनॉइड, म्हणजे गुंडाळी घेतलेल्या शंखांसारखे जीवाश्म, इतके मुबलक सापडतात की ते घासूनपुसून जगभरच्या संग्राहकांना आणि पर्यटकांना विकले जातात. १९८९ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक लेख लिहिला. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले प्राध्यापक विश्वजित गुप्ता जे अमोनॉइड हिमालयात सापडले म्हणून छापत होते, ते एरफूदच्या मालाशी तंतोतंत जुळतात, असं त्यांनी दाखवून दिलं. कोनोडोंट नावाच्या सूक्ष्म, दातांसारख्या जीवाश्मांचीही तीच गत. हिमालयात एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या ठिकाणांहून गोळा केले म्हणून सांगितलेले नमुने न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या ओढ्याकाठी मिळणाऱ्या नमुन्यांसारखे होते. जाती त्याच, टिकण्याची तऱ्हा तीच.

जीवाश्माची सगळी किंमत त्याच्या जागेत असते. टेबलावर ठेवलेला एकटा अमोनॉइड फक्त सुंदर दिसतो. तो अमुक दरीतल्या अमुक थरात सापडला एवढं नक्की माहीत असेल तरच तो त्या थराचं वय सांगतो, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं कोणता समुद्र होता, तो कोणत्या भूखंडाला लागून होता हे सांगतो. कोनोडोंट तर खडकांचं वय ठरवण्यासाठीच वापरतात. त्यामुळे जागा खोटी निघाली की एक नमुना बाद होऊन भागत नाही. त्या नमुन्यावर विसंबून ज्यांनी नकाशे काढले, थरांची वयं लावली, पुढचे प्रबंध लिहिले, त्या सगळ्यांच्या कामाखालची जमीन सरकते. हिमालयाच्या भूशास्त्राचं नेमकं हेच झालं. पंचवीस वर्षांत छापलेल्या शेकडो पेपरांपैकी कोणता खरा, कोणता खोटा हे निवडत बसायची वेळ नंतरच्या लोकांवर आली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट मात्र वेगळी आहे. गुप्तांच्या पेपरांवर त्यांच्याखेरीज शंभराहून अधिक सहलेखकांची नावं होती. त्यातले बरेच जण परदेशातले, आपापल्या क्षेत्रात नावाजलेले. पद्धत साधारण अशी असे, की गुप्ता तज्ज्ञाकडे नमुना पाठवत. तज्ज्ञ तो भिंगाखाली, सूक्ष्मदर्शकाखाली बघून जात ओळखे, मोजमापं घेई, वर्णन लिही. हे सगळं काम प्रामाणिक असे. नमुना कुठून आला ही माहिती तेवढी गुप्तांकडून येई. मग दोघांच्या नावानं पेपर. तज्ज्ञानं आपल्या वाट्याचं काम चोख केलेलं, आणि त्या कामाचा जिच्यावर भार होता ती एक ओळ तपासायची कोणालाच गरज वाटलेली नाही. फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ फिलिप जाँव्हिए यांनीही गुप्तांबरोबर पेपर लिहिला होता. वाद उघड झाल्यावर विश्वास कसा मोडला हे त्यांनी 'नेचर'मध्येच लिहिलं. पंजाब विद्यापीठातल्या काही सहकाऱ्यांना शंका आधीपासून होत्या, आणि अरुण दीप अहलुवालिया यांच्यासारख्यांनी त्या उघडपणे मांडल्या.

गुप्तांनी आरोप फेटाळले. निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी झाली आणि १९९४ मध्ये त्यात ते दोषी ठरले. नोकरी मात्र गेली नाही. वेतनवाढी थांबल्या, प्रशासकीय पदं बंद झाली, आणि २००२ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले. सहलेखकांना कोणी काही विचारलं नाही. ते फसवले गेले होते, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं, अशीच सर्वसाधारण समजूत होती. आजही आहे.

मला ही समजूत मान्य नाही. पतसंस्थेत कुणाच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस, हप्ते थकल्यावर, 'मी पैसे घेतलेच नव्हते' असं म्हणू शकत नाही. त्यानं पैसे घेतले नव्हते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या सहीमुळे पैसे दिले गेले, हा मुद्दा असतो. पेपरावरचं नाव हे तसंच आहे. नावाजलेल्या तज्ज्ञाचं नाव बघून संपादक पेपर घेतो, वाचणारा शंका घेत नाही, पुढचा संशोधक त्याच्यावर बांधकाम करतो. त्या नावाचं श्रेय मिळतं, बढती मिळते, प्रकल्पाला निधी मिळतो. मग पेपर खोटा निघाल्यावर त्याच नावाला 'आम्हाला काय माहीत' असं म्हणायची मुभा का असावी? खोटं करणारा आणि न बघता सही करणारा यांचा गुन्हा सारखा नाही, त्यांना सारखी शिक्षा असू नये. पण दुसऱ्याची जबाबदारी शून्य आहे, हे मी मानणार नाही.

हा प्रश्न भूशास्त्रापुरता नाही आणि भारतापुरताही नाही. २००२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यान हेंड्रिक श्योन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाचं प्रकरण निघालं. सेंद्रिय रेणूंपासून ट्रान्झिस्टर, अतिवाहकता, असे एकाहून एक चकित करणारे निष्कर्ष तो 'सायन्स' आणि 'नेचर'मध्ये धडाधड छापत होता. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नको असलेली थरथर, म्हणजे नॉइज, हुबेहूब एकच आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं. थरथर ही तर दर वेळी वेगळी असायला हवी. स्टॅनफर्डचे माल्कम बीझली यांच्या समितीनं २४ आरोप तपासले आणि १६ मध्ये गैरप्रकार झाल्याचं ठरवलं. श्योननं प्रयोगाची वही ठेवलीच नव्हती, आणि मूळ नोंदींच्या बहुतेक फायली पुसून टाकल्या होत्या. सहलेखकांना समितीनं गैरप्रकाराच्या आरोपातून मोकळं केलं. पण एवढे मोठे निष्कर्ष निघत असताना बरोबरच्या ज्येष्ठांनी किती खोलात जायला हवं होतं, हा प्रश्न समितीनं अहवालात स्पष्टपणे मांडला, आणि या बाबतीत क्षेत्रात कुठलाच सर्वमान्य दंडक नाही असंही नोंदवलं. त्यानंतर अमेरिकन फिजिकल सोसायटीनं आपल्या आचारसंहितेत सहलेखकांच्या जबाबदारीचा भाग घातला. म्हणजे निदान एका क्षेत्रानं प्रश्न ओळखला.

अलीकडचं उदाहरण तर आपल्या घरापर्यंत आलेलं. २०२० च्या मार्चमध्ये आयसीएमआरनं कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध घ्यायला सुचवलं होतं. त्या गोळ्या किती डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय यांनी घेतल्या, आठवून बघा. २२ मे रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर रुग्ण, आणि निष्कर्ष असा की हे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. पेपरावर हार्वर्डशी संबंधित नामवंत हृदयरोगतज्ज्ञाचं पहिलं नाव होतं. सगळी आकडेवारी मात्र सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या खासगी कंपनीकडून आलेली, आणि त्या कंपनीचा मालक हाही एक सहलेखक.

हा डोलारा पहिल्यांदा हलला तो अगदी साध्या आकड्यानं. पेपरात ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचं होतं. त्या तारखेला संपूर्ण ऑस्ट्रेलियात कोविडचे मृत्यूच ६७ होते. हा आकडा शोधायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नव्हती, वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं तो काढला. एक आशियाई रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं, असं कंपनीनं सांगितलं. मग बाकीच्या सहलेखकांनी बाहेरून तपासणी करायची ठरवली, कंपनीनं मूळ माहिती द्यायला नकार दिला, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. आकडेवारीच्या स्रोताची खातरजमा आपण पुरेशी केली नाही, अशी माफी पहिल्या लेखकानं मागितली. मला त्या माफीबद्दल आदर आहे. पण खरा प्रश्न पेपर पाठवायच्या आधीचा आहे. जगभरच्या उपचारांची दिशा बदलू शकणाऱ्या पेपरावर सही करताना, 'मला मूळ आकडे बघू द्या' एवढं वाक्य चारांपैकी तिघांनी उच्चारलं असतं तर हे घडलं नसतं. कंपनीचा नकार पेपर छापल्यावर आला, तो आधी आला असता.

यावर जाणकारांचा नेहमीचा आक्षेप असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजचं विज्ञान इतकं विभागलेलं आहे की संख्याशास्त्रज्ञाला पेशींचे फोटो तपासता येत नाहीत, रसायनशास्त्रज्ञाला रुग्णांच्या फायली कळत नाहीत. प्रत्येकानं सगळं तपासायचं म्हटलं तर एकत्र काम करणंच थांबेल. शिवाय विज्ञान विश्वासावर चालतं, सहकाऱ्याकडे संशयानं बघणं ही काही चांगली संस्कृती नाही.

पहिला भाग बरोबर आहे. प्रत्येकानं सगळं तपासावं असं मी म्हणतच नाही. प्रत्येक गोष्ट निदान एका दुसऱ्या माणसानं, प्रत्यक्ष करणाऱ्याखेरीज कोणीतरी, बघितलेली असावी, आणि ते कोणी बघितलं हे पेपरात नावानिशी लिहिलेलं असावं, एवढंच मागणं आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरावर पाच हजारांहून जास्त नावं होती. तो दोन प्रयोगांच्या गटांनी मिळून लिहिला होता; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) संशोधक ज्या सीएमएस प्रयोगात आहेत, तो त्यातला एक. एवढ्या मोठ्या गटातही निष्कर्ष बाहेर पडण्याआधी गटातल्याच दुसऱ्या लोकांकडून त्याची कसून छाननी होते. पाच हजार माणसांना जे जमतं ते चार माणसांना जमू नये, याला कामाची गुंतागुंत हे कारण असू शकत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग तर मला उलटा वाटतो. ज्या गटात 'वही बघू' असं कोणीही कोणालाही सहज म्हणू शकतं, तिथंच विश्वास खरा असतो. जिथं तसं विचारणं अपमान समजतात तिथं भीड असते, आणि भिडेपोटी सही करणाऱ्याची वाट काय लागते हे पतसंस्थेच्या जामीनदारांना विचारावं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात 'कॅस'ची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल तयार करत असलेल्या प्राध्यापकाच्या शेजारी तासभर बसा. प्लॅस्टिकच्या कव्हरांत एकेक पेपर, मुखपृष्ठाची झेरॉक्स, आयएसएसएन नंबर, संपादक मंडळाचं पान, शेवटी गुणांचा तक्ता. त्या तक्त्यामागचं गणित यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत आहे, आणि ते नीट बघण्यासारखं आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत एका पेपराला १० गुण. एकट्यानं लिहिला तर १०. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७ आणि ७, बेरीज १४. दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. चौघे असतील तर ७ आणि तीन वेळा ३, बेरीज १६. दहा जण असतील तर ३४. तिसरं नाव घातलं काय आणि दहावं घातलं काय, मुख्य लेखकाचे सात सातच राहतात. कोणाचं काही जात नाही, प्रत्येक नव्या नावाला तीन गुण मिळतात.

हे वाचल्यावर 'सर, तुमचंही नाव टाकतो, तुमच्या पुढच्या पेपरात माझं टाका' हा संवाद स्टाफरूममध्ये का ऐकू येतो ते वेगळं सांगावं लागत नाही. आधीच्या, २०१० च्या नियमावलीत साठ टक्के मुख्य लेखक आणि मार्गदर्शकात, उरलेले चाळीस बाकीच्यांत वाटून द्यायचे होते. तिथं निदान बेरीज शंभर होत होती. नवं नाव घातलं की आधीच्या कोणाचा तरी वाटा कमी होत होता, त्यामुळे ते नाव का घालायचं याचा विचार करायला थोडं तरी कारण होतं. ते कारणही आपण काढून टाकलं. मी प्राध्यापकांना दोष देऊन मोकळा होणार नाही. तासिका तत्त्वावर अनेक वर्षं काढून कायम झालेल्या, आठवड्याचे तास, परीक्षा, नॅकची कागदपत्रं यांत पिचलेल्या माणसासमोर असा तक्ता ठेवला की तो काय करेल? पण नियम वाईट आहे म्हणून सहीची जबाबदारी संपत नाही, दोन्ही खरं आहे.

या तक्त्यानं बोगस जर्नलांना जे दिवस आणले त्याबद्दल बरंच लिहून झालं आहे, मी लांबण लावणार नाही. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं की विद्यापीठांच्या शिफारशीनं यूजीसीच्या यादीत आलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. त्याच वर्षी यूजीसीनं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. मग मान्य जर्नलांची 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचा कारभार पुण्यातूनच चाले. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. इतक्या वर्षांत सगळं लक्ष पेपर कुठं छापला यावर राहिलं, पेपरात जे लिहिलंय ते कोणी बघितलं यावर आलंच नाही. दरम्यान पेपर तयार करून त्यावरच्या जागा विकणारे कारखाने जगभर उभे राहिले. पहिल्या नावाचा दर जास्त, चौथ्याचा कमी. वायली या प्रकाशन संस्थेला आपल्या हिंदावी विभागातले आठ हजारांहून अधिक पेपर २०२३ या एका वर्षात मागे घ्यावे लागले. ज्या व्यवस्थेत नाव घालणं फुकट आहे, तिथं ते विकाऊ होणं फार लांब नसतं.

आपल्याकडे प्रामाणिकपणाची तपासणी म्हणजे प्लेजरिझमचा टक्का, असं एक समीकरण होऊन बसलंय. यूजीसीच्या २०१८ च्याच नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या आहेत. नियम चांगलाच आहे, वाङ्मयचौर्याला आळा बसायलाच हवा. पण विद्यार्थी आता वाक्यं फिरवून टक्का नऊवर आणायला शिकतात आणि ग्रंथालयातून ते प्रमाणपत्र हातात पडलं की प्रबंध स्वच्छ झाला असं मानतात. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. हातातला अमोनॉइड हिमालयातल्या स्पीतीचा आहे की मोरोक्कोचा, हे त्याला कळत नाही. तीस नमुने मोजले म्हणून लिहिलंय तिथं बारा मोजून अठरा भरले असतील, तर ते अठरा आकडे अगदी शंभर टक्के मौलिक असतात.

असे आकडे कुठं पकडले जातात? वहीत. प्रयोगशाळेची वही कशी ठेवायची हे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सांगितलं जातं: पानांवर क्रमांक, पेननं लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारून बाजूला सही आणि तारीख, म्हणजे चुकीचा आकडाही वाचता यायला हवा. पीएचडीपर्यंत येता येता ही शिस्त कुठं गळून पडते कोण जाणे. एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विद्यार्थिनीला विचारलं, "बेटा, हे रीडिंग कधी घेतलं होतं? वही आणली आहेस का?" तिनं गाइडकडे बघितलं. गाइड म्हणाले, "सर, सगळं एक्सेलमध्ये आहे, पाठवतो तुम्हाला." परीक्षक म्हणाले, "एक्सेलमध्ये तुम्ही काय भरलंत ते आहे. यंत्रावर काय दिसलं ते कुठं आहे?" खोलीत कोणी बोललं नाही. त्या मुलीनं काही खोटं केलं होतं असं मला वाटत नाही. ती खरी होती हे सिद्ध करायचं साधन तिला कोणी दिलं नव्हतं, आणि ते देणं हे पेपरावर दुसरं नाव असलेल्या माणसाचं काम होतं.

म्हणूनच सहलेखकाची जबाबदारी सगळ्यांची सारखी नसते, ती अधिकाराच्या मापानं वाढते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला 'सर, एचओडी मॅडमचं नाव कशासाठी?' असं विचारता येत नाही, कारण त्याचा सहामाही प्रगती अहवाल त्याच लोकांच्या हातात असतो. फेलोशिपच्या कागदावर सही त्यांची लागते. त्याला कच्च्या नोंदींत गडबड दिसली तरी तो गप्प राहतो, आणि आपण त्याला भित्रा म्हणतो. विचारण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्यानं विचारायचं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा लेखनाच्या छाननीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या अचूकतेबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही हवेत, एखादा नाही. नुसता विभाग चालवला, यंत्र विकत घेऊन दिलं, प्राचार्य आहोत, यातलं काहीच त्यात बसत नाही. तशा लोकांसाठी पेपराच्या शेवटी आभाराची ओळ असते, आणि तीत नाव येण्यात कमीपणा काहीच नाही.

एक गोष्ट मात्र उलट बाजूनं सांगायलाच हवी. जामीनदारावर जबाबदारी टाकायची असेल तर चूक कबूल करणाऱ्याला झोडपून चालणार नाही. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सेस आर्नल्ड यांनी २०२० च्या जानेवारीत आपला 'सायन्स'मधला आदल्याच वर्षीचा पेपर मागे घेतला. प्रयोग पुन्हा करताना जमेनात, आणि तपासल्यावर पहिल्या लेखकाच्या वहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी आणि मूळ माहिती नाही असं दिसलं. आर्नल्ड यांनी ते जाहीर सांगितलं, आणि पेपर पाठवताना आपण जरा व्यग्र होतो, आपलं काम आपण नीट केलं नाही, असं म्हणून माफी मागितली. विद्यार्थ्यावर ढकललं नाही. ज्येष्ठ सहलेखकाची जबाबदारी कशी दिसते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे याच्या नेमकं विरुद्ध जाणारं पाऊल पडतंय, अशी मला काळजी वाटते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांच्या क्रमवारीत २०२५ पासून मागे घेतलेल्या पेपरांसाठी गुण वजा करायची तरतूद आली. हेतू चांगला आहे, पेपर-कारखान्यांतून माल उचलणाऱ्या संस्थांना झटका बसायलाच हवा होता. पण चूक सापडल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणारा आणि बाहेरच्यांनी पकडल्यावर नाइलाजानं मागे घेणारा हे दोघे एकाच रकान्यात पडले, तर उद्या आर्नल्ड यांच्यासारखं वागू पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकाला कुलगुरूंच्या कार्यालयातून फोन येईल. 'राहू दे, कशाला उगाच रँकिंग घालवता.' त्या फोनला नकार देणं फार थोड्यांना जमेल. स्वतः कळवून केलेली दुरुस्ती आणि माघार वेगळी मोजली पाहिजे, आणि तिच्यासाठी एक गुणही वजा होता कामा नये.

यूजीसीचा गुणांचा तक्ता दिल्लीत बदलावा लागेल, बेरीज शंभरावर आणावी लागेल, त्याला वेळ लागेल. विद्यापीठांनी मात्र त्याची वाट बघायचं कारण नाही. आज प्रबंध जमा करताना प्लेजरिझमचं प्रमाणपत्र, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी सॉफ्ट कॉपी आणि गाइडचं सर्टिफिकेट घेतात. त्या सर्टिफिकेटचा मजकूर पिढ्यान् पिढ्या तोच आहे, की हे काम विद्यार्थ्यानं माझ्या मार्गदर्शनाखाली केलं. त्यात आणखी एक वाक्य घालता येईल: या प्रबंधातल्या अमुक तक्त्यांच्या आणि आकृत्यांच्या मूळ नोंदी मी अमुक तारखांना स्वतः पाहिल्या आहेत. शेजारी मूळ नोंदींची एक प्रत, वहीची असो, यंत्राच्या फायलींची असो किंवा मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांची असो, सीलबंद करून विद्यापीठाकडे दहा वर्षांसाठी. आणि प्रबंधातून निघालेल्या प्रत्येक पेपरासाठी एक पान, कोणी काय केलं आणि कोणी काय तपासलं, सगळ्यांच्या सह्यांनिशी. २०२२ च्या नियमांनी पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे, त्यामुळे घाईघाईनं नावं गोळा करून काहीतरी छापायचं दडपणही पूर्वीइतकं उरलेलं नाही. एवढं करायला विद्या परिषदेचा एक ठराव पुरतो. आपल्या विषयाचे अभ्यास मंडळाचे अध्यक्ष त्या परिषदेवर कोणामार्फत पोचू शकतात, हे प्रत्येक गाइडला माहीत असतं. पुढच्या बैठकीच्या आधी त्यांना हे तीन मुद्दे लिहून द्यायला हवेत.